घंटी वाजली तरी जागा सोडू नकोस

अगं, पहिल्यांदाच लेकीकडे मेलबर्नला येते आहेस. औषधं, मसाले, गरम कपडे यांच्या याद्या तुझ्याकडे झाल्या असतील. मला सांगायचंय ते फिरण्याबद्दल. घरात बसून कंटाळा आला की तू फिरायला निघशील, आणि इथे फिरायच्या ज्या चांगल्या वाटा आहेत, यारा नदीच्या कडेची किंवा मेरी क्रीकच्या काठाची, त्यांच्यावरून सायकलीही जातात. मोटारी नाहीत, बाजूला पाणी, वर निलगिरीची झाडं. आपल्याला वाटतं बागेत आलो. पण सकाळी साडेसात-आठला त्याच वाटेने माणसं कामावर निघालेली असतात आणि त्यांना वेळ गाठायची असते.

पहिली गोष्ट म्हणजे डावी बाजू धर. फुटपाथ नसेल तर उजवीकडून चाला, समोरून येणारी गाडी दिसते, असं आपण लहानपणापासून ऐकलंय. मोटारींच्या रस्त्यावर ते बरोबर आहे, इथे नाही. या वाटांवर चालणारे, पळणारे, सायकलवाले सगळे डावीकडून जातात आणि मागून येणारा तुझ्या उजव्या अंगाने पुढे निघतो.

आता घंटीचं. हे नीट ऐक, कारण आपल्याकडून आलेल्या माणसांचा घोटाळा इथेच होतो. मागून आवाज आला की बाजूला उडी मारायची, ही आपल्या अंगात भिनलेली सवय आहे. इथला सायकलवाला घंटी वाजवतो ती तू दचकू नयेस म्हणून. त्याने तुला लांबूनच पाहिलेलं असतं, तू कशी चालते आहेस याचा अंदाज घेतलेला असतो आणि तुझ्या उजवीकडची मोकळी जागा मनात धरलेली असते. तू घाबरून नेमकी त्याच जागेत सरकलीस तर त्याला दुसरी जागा उरत नाही. ताशी 25 किलोमीटरने येणारी सायकल एका सेकंदात सात मीटर पुढे येते. तेवढ्या वेळात आपली जेमतेम दोन पावलं पडतात. म्हणून घंटी ऐकलीस की आहे त्या रेषेत, आहे त्या चालीने चालत राहा. चालता चालता मागे वळून पाहू नकोस; मान वळली की खांदा वळतो आणि पाऊलही तिकडेच पडतं. बघावंसं वाटलंच तर आधी डावीकडे गवतावर उतर, मग बघ.

काहीजण घंटी न वाजवता नुसतं ‘राइट!’ असं ओरडतात. मी तुमच्या उजवीकडून जातोय, एवढंच त्यांना म्हणायचं असतं. तू उजवीकडे जायचं नाहीस.

एकटीपेक्षा तुम्ही दोघं असाल तेव्हा जास्त जपायला हवं. घंटी वाजते, तू डावीकडे होतेस, तुझे यजमान उजवीकडे होतात आणि मग तू पलीकडे दिसलीस म्हणून ते वाट ओलांडून तुझ्याकडे यायला निघतात. नेमकी तेव्हाच सायकल मधे आलेली असते. त्यामुळे घरातून निघतानाच ठरवून टाका: उजवीकडचा माणूस चाल कमी करून मागे येईल, डावीकडचा तसाच चालत राहील. नातू बरोबर असेल तर त्याला आपल्या डाव्या हाताशी, गवताच्या बाजूला धर. आणि भारतातून व्हिडिओ कॉल आला की वाटेच्या मधोमध थांबून पाणी-झाडं दाखवायची नाहीत. नातू बाबागाडीत असेल तर ती गवतावर घे, ब्रेक लाव, मग हवं तेवढं बोल.

जमिनीवरची चित्रंही बघत जा. माणूस आणि सायकल दोन्ही असतील तर वाट दोघांची. मधे रेघ मारलेली असेल तर माणसाचं चित्र असलेली बाजू आपली. नुसती सायकलच असेल तर तिथे चालायचं नाही, ओलांडायची तेवढी. शहरात स्वॉन्स्टन स्ट्रीटवर ट्रामच्या थांब्यावरूनच सायकलचा पट्टा जातो. ट्राम उभी असताना सायकलींनी मागे थांबायचं असतं, पण आपण दोन्हीकडे बघूनच चढायचं-उतरायचं, आणि ट्रामची वाट बघत त्या पट्ट्यावर उभं राहायचं नाही.

दोघांच्या वाटेवर सायकलवाल्याने चालणाऱ्याला आधी वाट द्यायची, असा इथला नियमच आहे आणि सायकलला घंटी असणंही सक्तीचं आहे. नियम आपल्या बाजूने आहे हे मला फार मोलाचं वाटतं. पण आपल्या वयात खुब्याचं हाड मोडलं तर चूक कोणाची होती याने काही सोपं होत नाही. मेरी क्रीकच्या वाटेवर आंधळी वळणं आहेत, पुलाखालून जाताना पुढचं दिसत नाही. तिथे एकामागे एक चाला आणि कानात काही घालू नका.

ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. मॅगपाय नावाचा काळा-पांढरा पक्षी घरट्याजवळून जाणाऱ्यांवर झेप घेतो आणि सायकलवाल्यांवर त्याचा विशेष राग. डोक्यावर पक्षी आला की चांगला सायकलवालाही हेलकावतो. झाडावर तशी सूचनेची पाटी दिसली तर त्या दिवसांत दुसरी वाट धर.

जूनमध्ये पाच-सव्वापाचलाच सूर्य मावळतो. तुझा तो काळा कोट अंधारात कोणाला दिसणार नाही. वरून पांढरी शाल घे आणि हातातली बॅटरी जमिनीकडे धर, समोरच्याच्या डोळ्यांत नको. आणि कधी धक्का लागून पडलीसच तर लाजेने लगेच उठू नकोस. पडून राहा, हातपाय हलतात का बघ, कंबर दुखत असेल तर कोणालातरी 000 हा इथला इमर्जन्सी नंबर लावायला सांग. प्रवासविम्याच्या कागदाचा फोटो तुमच्या दोघांच्याही फोनमध्ये असू दे, नुसता लेकीकडे नको. ती तेव्हा ऑफिसात असेल.