सिमेंटचा पत्रा आणि कवडशातील धूळ

धरमपेठ हा नागपूर शहराच्या पश्चिमेकडील जुना भाग होय. तेथील जुनी घरे पाडून त्यांच्या जागी बहुमजली इमारती उभ्या राहत आहेत. घर पाडताना मागच्या खोलीवरचे, न्हाणीघरावरचे करड्या रंगाचे पन्हळी पत्रे निघतात. काही घणाखाली फुटतात. जे अखंड राहतात ते टाकून कोण देणार? असा पत्रा खेड्यातील गोठ्यावर किंवा पडवीवर पुन्हा चढतो. म्हणून हा प्रश्न केवळ शहराचा समजून सोडून देण्याजोगा नाही.

ज्याला आपण सिमेंटचा पत्रा म्हणतो, त्यात बहुधा ॲस्बेस्टॉस या खनिजाचे तंतू मिसळलेले असतात. हे तंतू जळत नाहीत, कुजत नाहीत, आणि सिमेंटला बळकटी देतात. परंतु पत्रा फुटला, कापला वा त्याला भोक पाडले, की तेच तंतू हवेत उडतात. श्वासावाटे आत गेलेला तंतू फुप्फुसात रुतून बसतो. त्यातून फुप्फुसे निबर होण्याचा विकार व कर्करोग उद्भवतो. तोही बहुधा 20 ते 40 वर्षांनी, जेव्हा त्या धुळीची आठवणही उरलेली नसते. कामगारांच्या कपड्यांवरील धूळ धुताना त्यांच्या घरच्या स्त्रियांनाही हा रोग जडल्याचे आढळले आहे. अनेक देशांनी या खनिजावर बंदी घातली. भारतात सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याची नोंद 40 वर्षे जपण्याचा आदेश दिला. पत्र्यांची विक्री मात्र आजही चालू आहे.

वर्गात हा विषय कवडशाच्या साहाय्याने शिकवावा. खिडक्या लावून घ्याव्यात, एका फटीतून ऊन आत येऊ द्यावे, आणि त्या कवडशात खडूचे डस्टर झटकावे. तरंगणारे कण मुले कुतूहलाने पाहतील. मग डस्टर ओले करून तीच कृती करावी. धूळ उडत नाही हे त्यांना आपोआप कळेल. ॲस्बेस्टॉसचे तंतू या दिसणाऱ्या कणांहूनही बारीक असतात, एवढे सांगावे. हा प्रयोग पत्र्याच्या धुळीने कदापि करू नये.

येथे एक सावधगिरी हवी. वर्गातील कित्येक मुले अशाच पत्र्याखाली निजतात आणि त्यांच्या वडिलांना उद्याच छप्पर बदलणे परवडणारे नसते. मूल भयभीत होऊन घरी जाऊ नये. जो पत्रा अखंड आहे, ज्याला कोणी छेडीत नाही, त्यापासून धोका फार थोडा असतो, हे आवर्जून सांगावे. पंख्यासाठी वा तारेसाठी त्याला भोक पाडू नये. शेवाळ काढण्यासाठी तारेचा ब्रश घासू नये. वर चढू नये, कारण जुना पत्रा पायाखाली एकाएकी फुटतो. काढावाच लागला तर माहीतगार माणसाकडून, पाणी शिंपडून, बोल्ट सोडवून अखंड उतरवावा. नाकाला रुमाल बांधल्याने हे तंतू अडत नाहीत.

वावटळीने पत्रा फुटला, तर तुकडे कोरड्या झाडूने लोटू नयेत. मोठ्या माणसाने ते ओले करून जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळावेत व ग्रामपंचायतीला कळवावे. शाळेच्या आवारात मुले लगोरीसाठी याच चपट्या तुकड्यांची उतरंड रचतात. त्यांना त्याऐवजी नदीतील चपटे दगड आणावयास सांगावे.