विज्ञानाची आवड : शोधायची की लावायची?

कला शाखेच्या विद्यार्थिनीने विज्ञानावर लिहावे हे काही वाचकांना खटकेल. परंतु शाळेची पहिली दहा वर्षे विज्ञान व गणित सर्वांनाच सक्तीचे असावे, अशी शिफारस कोठारी आयोगाने (१९६४-६६) केली, तेव्हा त्या 'सर्वां'मध्ये पुढे कला शाखेत येणारेही होतेच.

विद्यार्थ्यांना विज्ञानाकडे वळविण्यासाठी आपल्या देशात ज्या योजना झाल्या, त्यांतील सर्वांत परिचित म्हणजे राष्ट्रीय प्रज्ञाशोध. १९६३ साली ती केवळ दिल्लीपुरती सुरू झाली, तेव्हा शिष्यवृत्त्या अवघ्या १० होत्या. पुढच्याच वर्षी ती देशभर लागू होऊन ही संख्या ३५० झाली. लेखी कसोटी, निबंध, प्रकल्पाचा अहवाल आणि मुलाखत एवढ्या पायऱ्या चढणाऱ्यास मूलभूत विज्ञानाच्या अभ्यासासाठी थेट पीएच.डी.पर्यंत साहाय्य मिळे. १९७६ मध्ये सामाजिक शास्त्रे, अभियांत्रिकी व वैद्यक यांचाही तीत समावेश झाला. २०२१ नंतर ही योजना स्थगित झाली. दरम्यान २००८ साली केंद्राची 'इन्स्पायर' योजना आली. बारावीत अग्रस्थानी असलेल्यांनी मूलभूत विज्ञान घेतल्यास त्यांना वर्षाला ८०,००० रुपये, असे तिचे एक अंग आहे.

या योजनांचे मोल मी कमी लेखत नाही. पण 'शोध' या शब्दातच एक गृहीत दडलेले आहे. प्रज्ञा कोठेतरी तयारच आहे, ती फक्त हुडकून काढायची! जेथे मुलाने परीक्षानळीच हातात धरलेली नाही, तेथे काय हुडकणार?

मी ज्या शाळेत शिकले तेथे प्रयोगाचे साहित्य होते. ते कपाटात होते, आणि कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात. फुटले तर भरून कोण देणार, ही त्यांची भीती अगदीच खोटी नव्हती. ऑक्सिजन तयार करण्याची कृती मला अजूनही तोंडपाठ आहे. तो तयार होताना मात्र मी कधी पाहिला नाही. दहावीनंतर मी कला शाखेकडे वळले. त्याचे दुःख नाही, पण ती माझी निवड होती असे म्हणताना जीभ अडखळते.

याच प्रश्नाकडे उलट बाजूने पाहणारा एक प्रयोग मध्य प्रदेशात झाला. १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातील १६ सरकारी माध्यमिक शाळांत, सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, 'किशोर भारती' व रसुलियाचे 'फ्रेंड्स रूरल सेंटर' या संस्थांनी तो सुरू केला. 'किशोर भारती'चे अनिल सद्गोपाल हे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील काम सोडून तेथे गेलेले शास्त्रज्ञ. हुशार मुले वेचणे हा येथे हेतूच नव्हता. चार-चार मुलांची टोळी करून प्रत्येक टोळीने स्वतः प्रयोग करायचा. फूल उलगडून पाहण्यास सुई नसेल तर बाभळीचा काटा चाले. 'बाल वैज्ञानिक' या पुस्तकात उत्तरे दिलेली नसत, ती मुलांनी शोधून लिहायची. परीक्षेला पुस्तक उघडे ठेवण्याची मुभा होती! (आपल्याकडे ही सूचना कोणी केली तर काय होईल, याची कल्पना वाचकांनीच करावी.) मुलांना पडलेले प्रश्न पत्राने 'सवालीराम'कडे जात आणि सवालीरामाची उत्तरेही येत. हा सवालीराम म्हणजे कोणी एक व्यक्ती नव्हे, कार्यकर्त्यांनी कल्पिलेले पात्र.

१९७८ मध्ये हा कार्यक्रम साऱ्या जिल्ह्यात पोहोचला. १९८२ पासून 'एकलव्य' संस्थेने तो पुढे नेला. २००२ साली राज्य शासनाने तो बंद केला. मला वाटते, शिष्यवृत्त्या मोजता येतात, त्यांच्या याद्या छापता येतात; काट्याने फूल उलगडणाऱ्या मुलीच्या मनात काय उमलले, त्याची यादी कशी छापणार? त्यामुळे अशा कामाची बाजू मांडणे नेहमीच अवघड जाते.

१९७८ मध्ये अरविंद गुप्ता हे पुण्याच्या टेल्कोतील अभियंते रजा घेऊन तेथे गेले होते. आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून आकृत्या करण्याची त्यांची युक्ती तेथलीच. गेल्या दिवाळीच्या सुटीत मी ती धाकट्या भावाबरोबर करून पाहिली. चौकोन बोटाने दाबताच तिरका झाला. त्रिकोण कितीही दाबला तरी जागचा हलेना. भाऊ थोडा वेळ गप्प बसला, मग वर आढ्याकडे पाहत म्हणाला, "ताई, म्हणूनच छपराची कैची त्रिकोणी असते का गं?"