जावईबापूंचं मशीन

गारखेडा परिसर,
छत्रपती संभाजीनगर

चि. सौ. सोनूस अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू अर्धं बोललीस आणि अर्धं गिळलंस. बजाजनगरच्या दोन खोल्यांत, मागे सासूबाई बसलेल्या असताना नवऱ्याच्या झोपेचं बोलणार तरी कसं? म्हणून हे पत्र तुझ्या भावाच्या हाती देते आहे. सवडीनं वाच.

स्लीप स्टडीच्या रिपोर्टमधला ४२ हा आकडा तुला कुणी उलगडून सांगितलेला दिसत नाही. झोपेच्या दर तासाला श्वास किती वेळा निदान दहा सेकंद थांबला किंवा फार उथळ झाला, त्याची ती सरासरी. ५ च्या आत ठीक, १५ पर्यंत सौम्य, ३० पर्यंत मध्यम आणि त्यापुढे तीव्र. म्हणजे जावईबापूंचा घसा जवळजवळ दर दीड मिनिटाला मिटतो. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, हवेची वाट बंद होते, रक्तातला ऑक्सिजन उतरतो आणि मेंदू हिसका देऊन त्यांना जागं करतो. हे जागणं इतकं क्षणभराचं असतं की सकाळी त्यातलं काहीच आठवत नाही. तेव्हा ‘मला काही होत नाही’ असं ते म्हणतात ते खोटं नसतं. त्यांचा हा स्लीप अ‍ॅप्निया नावाचा आजार डोळ्यांनी पाहिलेलं माणूस घरात एकच आहे, ते म्हणजे तू. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे बरोबर जा. घोरणं मध्येच तुटतं का, गुदमरून उठतात का, रात्री किती वेळा बाथरूमला जातात, हे तूच सांगू शकतेस.

‘थर्ड शिफ्ट करून दमलेलं लेकरू घोरणारच’ या सासूबाईंच्या म्हणण्याचा राग धरू नकोस. घोरणं म्हणजे गाढ झोप, असंच आपल्याकडे सगळे समजतात. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉ. झरीर उदवाडियांनी ३५ ते ६५ वयाचे, वरून धडधाकट दिसणारे पुरुष तपासले होते. २००४ साली छापून आलेल्या त्या अभ्यासात शंभरातल्या सात-आठ जणांना हा आजार लक्षणांसह निघाला. संगीतकार बप्पी लाहिरी २०२२ मध्ये गेले, तेव्हा डॉक्टरांनी याच आजाराचं नाव घेतलं होतं. हे सांगून जावईबापूंना घाबरवू नकोस, पण रक्तदाबाची गोळी चालू असूनही दाब का उतरत नाही, हे डॉक्टरांना जरूर विचार.

आता ते सीपॅप मशीन. सासूबाईंना ते बघून कोविडचा वॉर्ड आठवत असणार. त्या दोन वर्षांत बायपॅप हा शब्द घराघरांत शिरला आणि नाकावरचा मास्क म्हणजे शेवटची घटका, हे डोक्यात पक्कं बसलं. त्यांना सांग की यात ऑक्सिजनचं नळकांडं नाही. खोलीतलीच हवा थोड्या दाबानं आत जाते आणि घसा मिटू देत नाही, बस. सिडनीच्या डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी १९८० मध्ये व्हॅक्यूम क्लीनरची मोटर उलटी वापरून हे पहिल्यांदा केलं. त्याआधी तीव्र आजाराला गळ्याला भोक पाडणं हाच खात्रीचा उपाय होता. त्या मानानं पट्टा आणि नळी फारच स्वस्तात सुटका म्हणायची!

पहिले काही आठवडे जड जातील. दिवसा, टीव्ही बघताना अर्धा तास मास्क लावून बसायला सांग. नाकाला सवय होते. फुसफुस आवाज येत असेल तर हवा गळते आहे. तेव्हा पट्टे आवळत बसू नका, मास्कचा आकार बदलून मागा. मिशी जाड असली की बाजूनं हवा जातेच. तुझ्या काकांनी मास्कसाठी मिशी कातरली, तो आमच्या घरातला मोठा समारंभ होता. तोंड उघडं राहून घसा कोरडा पडत असेल तर हनुवटीचा पट्टा किंवा तोंडासकटचा मास्क मिळतो. आणि शिफ्ट बदलून दिवसा झोपले तरी मशीन लावायचंच. झोप दुपारची असली तरी घसा तोच.

पाण्याचं मात्र नीट लक्षात ठेव. आपल्याकडे नळाला किती दिवसांनी पाणी येतं ते तुला माहीत आहे. टाकीत साठवलेलं ते जड पाणी मशीनच्या डब्यात घातलंस तर चुन्याचा थर बसेल आणि वास येईल. औषधाच्या दुकानातलं डिस्टिल्ड वॉटर आण. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते नको. डबा रोज रिकामा करून वाळव. मास्क साध्या साबणानं धुऊन सावलीत ठेव. वाळूजची धूळ फिल्टरवर लवकर दिसते, तेव्हा तो बघत जा. लाइट गेली आणि इन्व्हर्टर नसेल तर मास्क काढायचा.

सकाळी उठल्याबरोबर ‘किती तास लावलं?’ असं विचारू नकोस. मशीन ते स्वतःच नोंदवतं. सुरुवातीला बहुतेक रात्री चार तास तरी झाले तर डॉक्टर समाधान मानतात. नवऱ्याची हजेरी घेणारी बायको कुणालाच आवडत नाही, आणि मला विचारशील तर, मशीन अडगळीत जाण्याचं ते एक मोठं कारण आहे. वजनावरूनही टोचू नकोस. वजन उतरलं तर फायदा होतो, पण जबडा लहान असलेल्या सडपातळ माणसांनाही हा आजार होतो. दोन गोष्टींत मात्र अडून बस. शनिवारची दारू आणि डॉक्टरांना न विचारता घेतलेली झोपेची गोळी बंद. दोन्हींनी घसा आणखी सैल पडतो. आणि दिवसा पेंग येणं थांबेपर्यंत नगर रोडनं पुण्याला गाडी चालवत जायचं नाही. ड्रायव्हर करा किंवा एसटीनं जा.

तुझ्या स्वतःच्या झोपेचं कुणी विचारलं का? रात्रभर दुसऱ्याचा श्वास मोजत पडून राहिलेल्या बाईला मशीन आल्यावर लगेच झोप लागत नाही. कान टवकारलेलेच राहतात. काही दिवस बाहेरच्या खोलीत झोपलीस तर संसार मोडत नाही, लोक काय म्हणायचं ते म्हणोत. दुपारी मुलं शाळेत गेली की पड जरा. चिडचिड होते म्हणून स्वतःला दोष देत होतीस. तीही झोपच मागते आहे.

रविवारी मी येते आहे. सासूबाईंशी मी बोलेन, तू मध्ये पडू नकोस. काका पण येतील, ते जावईबापूंना मिशीचं सांगतील. काकांचा मधल्या आकाराचा जुना मास्क आमच्याकडे पडून आहे, पण वापरलेला मास्क देणार नाही. दुकानातून नवा घेऊ. येण्याआधी त्यांच्या मास्कच्या पाकिटावरचा आकार मला कळव.

तुझी,
मावशी