ट्रेलरसाठी जुना घोडा घेताना

न्हावा-शेवाचे जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ साली सुरू झाले आणि उरण, पनवेल, कळंबोली या पट्ट्यात ट्रेलरचा धंदा उभा राहिला. या धंद्यात आपल्या समाजातील ड्रायव्हर, क्लीनर, मिस्त्री आणि टायरवाले पुष्कळ आहेत. गाडीमालक त्या मानाने कमी. दहा-बारा वर्षे दुसऱ्याची गाडी चालविल्यावर स्वतःची गाडी असावी असे वाटणे साहजिक आहे. नवी गाडी ऐपतीबाहेर असते, म्हणून नजर जुन्या गाडीकडे वळते. घरातले दागिने, भावाची बचत, गावाकडची थोडी जमीन असे सगळे एकत्र करून ही खरेदी होते. म्हणून ती कशी करावी याचा जरा सविस्तर विचार आम्ही येथे करीत आहोत.

पहिला प्रश्न हमखास असतो तो असा : एखादा मध्यम ट्रक स्वस्तात मिळतो आहे, त्यामागे ट्रेलर जोडता येईल का? याचे उत्तर नाही असे आहे. मालवाहू ट्रक आणि ट्रेलर ओढणारा घोडा ही दोन वेगळी वाहने आहेत. टाटाच्या गाडीच्या नावातच हे लिहिलेले असते. एल.पी.टी. म्हणजे साधा ट्रक, एल.पी.के. म्हणजे टिपर आणि एल.पी.एस. म्हणजे ट्रेलर ओढणारी गाडी. पुढच्या चार आकड्यांपैकी पहिले दोन ढोबळ मानाने टनातले वजन दाखवितात आणि शेवटचे दोन दहाच्या पटीत अश्वशक्ती. १६१३ म्हणजे सोळा टन व १३० अश्वशक्ती. ४०१८ म्हणजे चाळीस टन व १८०. मात्र एल.पी.एस.च्या बाबतीत हे चाळीस टन घोडा, ट्रेलर आणि माल या तिघांचे मिळून असतात, हे ध्यानात ठेवावे.

काही ठिकाणी साध्या ट्रकची चेसिस कापून आखूड करतात, तिच्यावर फिफ्थ व्हील बसवितात आणि घोडा म्हणून विकतात. अशी गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ कंपनीने ठरविलेल्या मूळ रचनेत असा बदल करू देत नाही. अपघात झाला तर विमा कंपनी याच मुद्द्यावर बोट ठेवील. शिवाय त्या गाडीचे ब्रेक, गिअर बॉक्स आणि मागचे हाउसिंग चाळीस टनांसाठी बनविलेलेच नसतात. घाटात उतरताना ही गोष्ट समजून उपयोग नाही.

वजनाचा हिशेब गाडी पाहण्याआधी करावा. चाळीस टनांच्या जोडीत घोडा आणि रिकामा ट्रेलर मिळून चौदा टन भरले, तर कंटेनरसह माल सव्वीस टनच राहतो. कंटेनरचे मालासह कमाल वजन मात्र ३०.४८ टनांपर्यंत असू शकते. संगमरवर किंवा लोखंड भरलेला वीस फुटी कंटेनर आकाराने लहान दिसतो, पण सर्वांत जास्त गोत्यात आणतो तो हाच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला वीस हजार रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार असा नियम आहे. पाच टन जास्त निघाले तर तीस हजार गेले, माल उतरवून घेण्याचा खर्च वेगळा. निर्यातीच्या भरलेल्या कंटेनरचे तपासलेले वजन कळविणे जुलै २०१६ पासून बंधनकारक आहे. ती चिठ्ठी मागून पाहण्याची सवय ठेवावी. ज्या पार्टीचे काम मिळणार आहे तिचा माल साधारण किती टनांचा असतो हे आधी विचारावे आणि मग गाडीचा मॉडेल ठरवावा. बहुतेक जण आधी गाडी घेतात आणि मग काम शोधतात.

आता वयाबद्दल. नॅशनल परमिट दोन अ‍ॅक्सलच्या मालवाहू गाडीला बारा वर्षांपर्यंत आणि मल्टि-अ‍ॅक्सल गाडीला पंधरा वर्षांपर्यंत मिळते. आपल्या जोडीची नोंद कोणत्या वर्गात आहे ते आर.सी. व परमिटवर पाहावे आणि किती वर्षे उरली ते मोजावे. दहा वर्षांची गाडी आणि तेरा वर्षांची गाडी यांच्या किमतीतला फरक मोठा दिसतो; पण पहिलीची पाच वर्षे उरली आहेत आणि दुसरीची दोनच, असे मांडल्यावर स्वस्त कोणती ते कळते. फिटनेसही आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी करावे लागते. जुन्या गाड्यांसाठी त्याचे शुल्क २०२२ पासून चढत गेले आहे.

देशभर एप्रिल २०१७ पासून बी.एस.-४ आणि एप्रिल २०२० पासून बी.एस.-६ इंजिने आली. जुन्या पंपाचे इंजिन रस्त्याकडेचा मिस्त्रीही उघडतो. बी.एस.-६ च्या गाडीला युरिया लागतो, सेन्सर असतात आणि दोष शोधायला स्कॅनर लावावा लागतो. काही मालक युरियाचा खर्च वाचवायला ती यंत्रणाच फसवून बंद करतात. अशी गाडी आपल्याकडे आली की ते सर्व पूर्ववत करण्याचा खर्चही आपल्याकडेच येतो. म्हणून बी.एस.-६ घ्यायची असेल तर कंपनीच्या वर्कशॉपमध्ये स्कॅन करून घेतल्याशिवाय बयाणा देऊ नये.

भावाविषयी एकच सांगतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या मालवाहू गाड्यांवरील जी.एस.टी. २८ वरून १८ टक्क्यांवर आला. म्हणजे कंपनीची मूळ किंमत तीच राहिली तर नवी गाडी पावणेआठ टक्क्यांच्या आसपास स्वस्त झाली. जुन्या गाडीचा भाव नव्या गाडीवरूनच ठरतो. दलाल त्याआधीचे सौदे दाखवून भाव सांगू लागला तर ही गोष्ट त्याच्यासमोर ठेवावी.

गाडी पाहायला सकाळी लवकर जावे आणि इंजिन थंड असतानाच स्टार्ट करायला लावावे. आपण पोहोचण्याआधीच इंजिन गरम करून ठेवले असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे, यात संकोच नको. ऑइल भरण्याचे झाकण उघडून पाहावे. तेथून वाफ जोराने बाहेर फेकली जात असेल तर पिस्टन-रिंगा गेल्या आहेत. निळा धूर ऑइल जळत असल्याचे सांगतो. डिपस्टिकवरचे ऑइल दुधाळ दिसले किंवा रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग असला, तर पाणी आणि ऑइल कोठे तरी एकमेकांत मिसळते आहे. चालविताना चढावर गिअर सुटतो का आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर मागच्या हाउसिंगमधून घरघर येते का, ते ऐकावे. हवेच्या टाक्या पूर्ण भरून इंजिन बंद करावे, ब्रेक दाबून धरावा आणि काटा पाहत राहावे. काटा भराभर उतरला तर हवा गळते आहे.

घोड्याची खरी परीक्षा मात्र फिफ्थ व्हीलपाशी होते आणि नेमके तेच पाहायचे राहून जाते. रिकामा घोडा चालवून काही कळत नाही. ट्रेलर जोडावा, त्याचे ब्रेक लावून ठेवावेत आणि घोडा हलकेच पुढे-मागे ओढावा. खडखड आवाज आला आणि धक्का बसला तर फिफ्थ व्हीलचा जबडा झिजला आहे, नाही तर ट्रेलरचा किंगपिन. (पुढच्या चाकांनाही किंगपिन असतो, तो वेगळा, त्याचा ढिलेपणा चाक जॅकवर उचलून पाहतात.) दोन इंची किंगपिनचा व्यास नवा असताना ५०.८ मिलिमीटर असतो. ४९ पर्यंत झिजला की तो बदलावाच लागतो. व्हर्नियर घेऊन मोजायला दोन मिनिटे लागतात. त्यानंतर फिफ्थ व्हीलच्या खालची आणि आजूबाजूची चेसिस बॅटरी लावून पाहावी. सारा भार तेथेच येत असल्यामुळे तडे पडतात तेही तेथेच, वेल्डिंग होते तेही तेथेच, आणि त्यावर ताजा रंग मारलेला असतो. सगळी गाडी मळकी आणि एक हातभर जागाच नवी कोरी दिसली तर रंग खरवडून पाहायला सांगावे.

टायर मोजून घ्यावेत. दोन अ‍ॅक्सलचा घोडा आणि तीन अ‍ॅक्सलचा ट्रेलर मिळून अठरा टायर होतात. एका नव्या टायरला वीस हजारांच्या वर जातात, म्हणजे सगळे बदलायचे झाल्यास साडेतीन लाखांपेक्षा जास्त. टायर एकाच बाजूने झिजले असतील तर ते निव्वळ टायरचे दुखणे नव्हे. अ‍ॅक्सल किंवा चेसिस वाकडी असू शकते. तपासणीसाठी मिस्त्री आपला न्यावा आणि त्याची मजुरी आपण द्यावी. दलालाने आणलेला मिस्त्री दलालाचाच असतो.

येथे विकणाऱ्या बांधवांनाही दोन शब्द सांगणे भाग आहे. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असता त्यांनी धान्याच्या ढिगात हात घातला. बोटांना ओल लागली. व्यापाऱ्याने पावसाचे कारण सांगितले, तेव्हा ते ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विचारले आणि फसविणाऱ्याशी आपला संबंध नसल्याचे सांगितले. सहीह मुस्लिममधील ही हदीस बहुतेकांना ठाऊक आहे. वेल्डिंगवर मारलेला रंग आणि ढिगाच्या तळाचे ओले धान्य यांत आम्हाला काही फरक दिसत नाही. ‘गाडी जशी आहे तशी, नंतर तक्रार नाही’ असे कागदावर लिहून घेतात. अशी अट कितपत चालते यावर हनफी आणि शाफई फिकहमध्ये मतभेद आहेत, म्हणून ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारावे. माहीत असलेला दोष दडविण्याची परवानगी मात्र कोणीच देत नाही.

कागदपत्रांत सर्वांत धोक्याची चाल म्हणजे सही केलेल्या कोऱ्या फॉर्मवर गाडी घेणे. मूळ मालक फॉर्म २९ व ३० वर सह्या करून देतो, दलाल तारीख रिकामी ठेवतो आणि गाडी तीन-चार हातांतून फिरते. आर.टी.ओ.त नाव पहिल्याचेच राहते. विकणाऱ्याला वाटते आपण सुटलो, पण तसे नाही. अशाच हातोहात विकल्या गेलेल्या एका गाडीच्या अपघातात, आर.टी.ओ.त ज्याचे नाव आहे त्यालाच भरपाईसाठी मालक धरले जाईल, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिला. घेणाऱ्याचेही हाल कमी नाहीत. मूळ मालक वारला किंवा उलटला तर गाडी कोणाची हे सिद्ध करण्यात वर्षे जातात. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत आर.टी.ओ.ला कळवायचे असते. विम्याचेही पाहावे. तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा गाडीबरोबर येतो. आपल्या गाडीच्या नुकसानीचा विमा नावावर करून घेतल्याशिवाय उपयोगी पडत नाही, आणि त्यासाठी चौदा दिवसांत अर्ज करावा लागतो.

‘चालू हप्त्यावर’ मिळणारी गाडी हा दुसरा सापळा. कर्ज मूळ मालकाच्या नावावर, हप्ते आपण भरायचे. आर.सी.वर फायनान्स कंपनीचा बोजा असेपर्यंत तिच्या लेखी संमतीशिवाय गाडी आपल्या नावावर होत नाही. मूळ मालकाचे जुने हप्ते थकले असतील तर कंपनी गाडी ओढून नेते, आणि आपण भरलेल्या पैशांची तिच्याकडे नोंदसुद्धा नसते. म्हणून आधी फॉर्म ३५ आणि कंपनीचे ना-हरकत पत्र, मग पैसे. सरकारच्या वाहन पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून बोजा, फिटनेस, परमिट, विमा आणि थकलेली चलने पाहता येतात. चेसिस नंबरचा पेन्सिलीने छाप काढून आर.सी.शी ताडून पाहावा. ट्रेलरचाही चेसिस नंबर असतो. तो कागदावर आहे की नाही आणि जोडी तीच आहे की बदललेली, हेही पाहावे.

आता पैशाचे. व्याजाविषयी कुरआनची आज्ञा स्पष्ट आहे. ती बाजूला ठेवून निव्वळ व्यवहाराच्या नजरेने पाहिले तरी जुन्या गाडीवरचे कर्ज महाग पडते. ‘फ्लॅट बारा टक्के’ असे सांगतात. आठ लाखांवर तीन वर्षांचे व्याज दोन लाख अठ्ठ्याऐंशी हजार आणि हप्ता तीस हजार दोनशे बावीस. मुद्दल दरमहा कमी होत असताना व्याज मात्र पूर्ण आठ लाखांवरच चालू राहते. घटत्या मुद्दलावर हिशेब केला तर हाच दर एकवीस टक्क्यांच्या आसपास भरतो. बंदरात काम मंद असले, गाडी पंधरा दिवस गॅरेजमध्ये असली, तरी हप्ता थांबत नाही.

त्यापेक्षा भागीदारी करावी, म्हणजेच मुशारका. समजा गाडी बारा लाखांची आहे. चार लाख चालविणाऱ्याचे, आठ लाख गुंतविणाऱ्याचे. डिझेल, टोल, टायर, विमा, कर, दुरुस्ती आणि चालविणाऱ्याचा पगार वजा जाता जे उरेल ते ठरलेल्या प्रमाणात वाटायचे. नुकसान झाले तर ते भांडवलाच्या प्रमाणात सोसायचे. चालविणारा दरवर्षी दुसऱ्याचा थोडा थोडा हिस्सा विकत घेत जाऊन शेवटी पूर्ण मालक होऊ शकतो. पण गुंतविणाऱ्याला नफा होवो न होवो दरमहा ठरावीक रक्कम द्यायची असे ठरविले, तर नाव भागीदारीचे आणि काम व्याजाचे झाले. असे करार आपल्याकडे सर्रास होतात.

आणि ही भागीदारी सख्ख्या भावाबरोबर असली तरी लिहून काढावी. कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत, सूरह अल-बकराची २८२ वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आणि साक्षीदारांविषयी आहे. तरीही आपल्यात लिहिण्याची गोष्ट काढली की लोकांना अविश्वास वाटतो. भांडवल कोणाचे किती, पगार किती, टायरसाठी दरमहा किती बाजूला ठेवायचे, गाडी विकायची झाल्यास भाव कोण ठरविणार, दोघांपैकी एक वारल्यास वारसांचा हिस्सा कसा काढायचा, एवढे तरी स्टँप पेपरवर असावे.

गाडी ताब्यात घेताना डिलिव्हरीची पावती करावी आणि तिच्यावर तारखेबरोबर वेळही लिहावी. त्या वेळेच्या आधीची चलने, कर आणि अपघात विकणाऱ्याकडे, नंतरचे घेणाऱ्याकडे. पावतीवर किलोमीटरचा आकडा, टायरांचे नंबर, बॅटरी, जॅक, ताडपत्री आणि साखळ्या यांची नोंद असावी, आणि विकणाऱ्याच्या फास्टॅगचे स्टिकर तेथेच काढून त्याच्या हाती द्यावे.