हजार घनांची कड : मेंदूतील एका लहान भागाचे मोजमाप

विस्मरण वाढलेल्या ज्येष्ठ रुग्णांचे नातेवाईक एमआरआयचा अहवाल हाती पडताच ‘मेंदू किती आकसला?’ असे विचारतात. प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु ‘आकुंचन’ हा एकच शब्द वाचून घरातील ज्येष्ठांच्या हातून बँकेचे व्यवहार आणि किल्ल्या काढून घेतल्या जातात. म्हणून हा आकडा कसा निघतो, ते येथे मांडीत आहोत.

स्मृतीच्या कार्यात मोठा वाटा असलेला हिप्पोकॅम्पस हा भाग मेंदूच्या दोन्ही बाजूंस, कानशिलांच्या आत खोलवर असतो. समुद्रघोड्याशी साम्य दिसल्याने सोळाव्या शतकात इटालियन शरीरशास्त्रज्ञ अरांझी यांनी त्यास हे नाव दिले. प्रौढ व्यक्तीत त्याचे घनफळ एका बाजूस साधारणतः ३ घन सेंटिमीटर भरते. चहाचा चमचादेखील त्याने भरणार नाही.

यंत्र मेंदूची प्रतिमा सूक्ष्म घनांत विभागते. घनाची बाजू १ मिलिमीटर धरल्यास एका हिप्पोकॅम्पसच्या वाट्यास सुमारे ३,००० घन येतात. ते मोजले की घनफळ मिळाले! आमच्यासारख्या वाणिज्य शाखेतील माणसास ही गोदामातील मालाची मोजदादच वाटते. खरी अडचण कडेच्या घनांची आहे. हा भाग चौकोनी ठोकळा असता, तरी हजाराहून अधिक घन कडेला पडले असते. तो लांबट व वळलेला असल्याने प्रत्यक्षात त्याहूनही अधिक पडतात. अशा घनात थोडी ऊती हिप्पोकॅम्पसची, तर थोडा अंश शेजारच्या ऊतीचा किंवा मेंदूजलाचा असतो. तो कोणत्या खात्यात जमा धरावयाचा?

आता दुसरी बाजू पाहू. निरोगी वार्धक्यात हा भाग वर्षाकाठी सुमारे दीड टक्का घटतो, अल्झायमरच्या आजारात सुमारे साडेचार ते पाच टक्के. म्हणजे वर्षाला एकीकडे ४५ घन, तर दुसरीकडे १५० च्या आत-बाहेर. निदान ज्यावर झुकावे तो फरक शंभरेक घनांचा, आणि कडेचे घन हजारावर! तपासणीच्या वेळी रुग्णाने मान हलविली तरी प्रतिमा अस्पष्ट होऊन घनफळ कमी भरू शकते. काप ५ मिलिमीटर जाडीचे घेतल्यास सुमारे ४ सेंटिमीटर लांबीचा हा भाग जेमतेम आठ कापांत उरकतो.

हाताने कड आखणाऱ्या तज्ज्ञांमध्येही सीमेविषयी मतभेद असत. २०१५ साली त्याबाबतची एकसमान आंतरराष्ट्रीय पद्धत प्रसिद्ध झाली. संगणकप्रणाली हे काम वेगाने करतात, तथापि दोन प्रणालींचे आकडे एकमेकांशी जुळतीलच असे नाही. दैनंदिन कामात अनेक क्षकिरणतज्ज्ञ १९९२ मधील शेल्टन्स यांची ० ते ४ गुणांची दृश्य श्रेणी वापरतात, आणि तिचा अर्थही वयानुसार लावावा लागतो. अपस्माराच्या काही रुग्णांत मात्र काम थोडे सुकर होते, कारण डावी व उजवी बाजू एकमेकींशी ताडून पाहता येते.

विस्मरणाचे कारण बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा विकार अथवा नैराश्य हेही असू शकते. त्यामुळे डॉक्टर रक्ततपासणी व स्मृतिचाचणीही करावयास सांगतात. नातेवाइकांना विनंती की, फेरतपासणी शक्यतो त्याच यंत्रावर करून घ्यावी आणि येताना केवळ छापील अहवाल न आणता जुन्या तपासणीची सीडीही सोबत आणावी.