जंगल वाचताना : ताडोबाच्या अभ्याससहलीतील काही नोंदी

ताडोबाहून परतलो तेव्हा वसतिगृहाच्या फाटकाशीच आम्हाला प्रश्न आला, "सर, वाघ दिसला का?" दिसला, असे उत्तर देऊन आम्ही मोकळे झालो. मात्र एवढ्याने सहलीचा वृत्तान्त पूर्ण होत नाही, हे सोबत आलेले आठवी-नववीचे विद्यार्थी जाणतात. जे आले नाहीत त्यांच्यासाठी हा पाठ.

प्रथम स्थळाची ओळख. चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा हे महाराष्ट्रातील पहिले राष्ट्रीय उद्यान. ते १९५५ साली घोषित झाले. १९८६ मध्ये लगतचे अंधारी अभयारण्य अस्तित्वात आले आणि पुढे दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. त्याचे गाभा क्षेत्र सुमारे ६२५ चौरस किलोमीटर आहे. नावाविषयी गोंड समाजात कथा सांगतात ती अशी : तारू नावाचा गावप्रमुख वाघाशी झुंजताना मरण पावला, लोकांनी त्याला देव मानले, तलावाकाठी त्याचे ठाणे आहे. दंतकथा म्हणजे इतिहास नव्हे. परंतु वाघांसाठी जगभर ओळखल्या जाणाऱ्या या अरण्याला नाव मिळाले ते गावात राहणाऱ्या एका माणसाचे, एवढी नोंद वहीत करून ठेवावी.

मार्चअखेरच्या पहाटे आम्ही मोहर्लीच्या प्रवेशद्वारातून आत गेलो. आम्ही स्वतः शहरात वाढलो आणि विद्यार्थीही बहुतेक नागपूरच्या वस्त्यांतले. त्यामुळे पहिला अर्धा तास सर्वांना जंगल म्हणजे केवळ 'झाडे' दिसत होती. गाईडने गाडी थांबवून धुळीतला पंजाचा ठसा दाखवला, तेव्हा आमचे वाचन सुरू झाले. ठशाच्या कडा अजून ढासळल्या नव्हत्या. म्हणजे तो ताजा होता. मग दूरवर चितळ ओरडले, त्यापाठोपाठ शेंड्यावरून वानराने खाकरल्यासारखा आवाज काढला. वानराला उंचावरून दिसते, चितळाला वास आणि चाहूल लवकर लागते. एकमेकांच्या इशाऱ्यावर दोघेही जगतात. वानर खाली टाकते तो कोवळा पाला चितळ खाते, हा या शेजाराचा दुसरा लाभ. सांबर ओरडले तर मात्र वाघ जवळच समजावा, असे गाईड म्हणाला. चितळ पुष्कळदा उगाच दचकते, सांबर सहसा दचकत नाही, हा त्याचा अनुभव.

वळणावर एक पांढराफटक, पर्णहीन वृक्ष उभा होता. "पाहा, हे झाड वाळले आहे," आम्ही शिक्षकी थाटात सांगितले. मागच्या बाकावरून हळू आवाज आला, "सर, तो कुलू आहे. जिता आहे. त्याचा डिंक विकतात." बोलणारा आठवीतला विद्यार्थी विज्ञानाच्या चाचणीत नेहमी मागे राहतो आणि वर्गात क्वचितच तोंड उघडतो. आम्ही चूक मान्य केली. त्यानंतर तो ऐन, धावडा, बिजा, तेंदू अशी नावे सांगत गेला आणि आम्ही लिहीत गेलो. तेंदूपत्ता कसा खुडतात, पुडा कसा बांधतात, हे सांगताना त्याची बोटे आपोआप हलत होती.

मोहाखाली फुलांचा सडा पडला होता. मोह पहाटे गळतो. म्हणून वेचणारी बाई अंधारातच घराबाहेर पडते. अस्वललाही मोह प्रिय, आणि तेही त्याच वेळी येते. 'अस्वलाचा हल्ला' ही बातमी वाचताना आपण शहरातले लोक तिला अपघात म्हणतो. त्या बाईच्या घरात त्या फुलांवर मीठ-मिरची येते, हे बातमीत नसते.

मोहर्लीहून तलावाकडे जाणाऱ्या रस्त्यालगत ओळीने दगडी खांब आहेत. गोंड राजांच्या काळी त्यांतून दोर ओवून घंटा वाजवीत आणि स्वारीची वर्दी देत, असे सांगतात. खांब समोर आहेत, घंटांची हकीकत ऐकीव आहे. दोहोंना एकाच वजनाने लिहू नये.

वाघ दिसला तो नंतर, एका विस्तीर्ण गवताळ पटांगणावर. वाघीण सावकाश गवत ओलांडीत होती. दहा-बारा गाड्या दाटीवाटीने उभ्या राहिल्या, कॅमेरे कडकडले. आमचा तो विद्यार्थी मात्र पाठ फिरवून एका चिंचेकडे पाहत होता.

"सर, हे आमच्या बाबाचे गाव."

ताडोबाच्या गाभ्यातून बोटेझरी, जामणी, नवेगाव यांसारखी गावे बाहेर हलवण्यात आली. त्यांच्या शेतांवर गवत उगवले, गवतावर चितळे आली, चितळांमागे वाघ. शहरातून आलेल्या प्रवाशाला जे आदिम अरण्य वाटते, ते पुष्कळदा कोणाचे तरी धानाचे बांध असते. पुरावा हवा असेल तर झाडे पाहावीत. सागवनात एका जागी चिंच, आंबा आणि सीताफळ एकत्र आढळले, तर तेथे माणसाने वस्ती केली होती असे समजण्यास आधार मिळतो. ताम्रपटाइतकेच हेही साधन आहे.

२००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे अशा स्थलांतरास ग्रामसभेची मुक्त, माहितीपूर्ण आणि लेखी संमती आवश्यक आहे. पुनर्वसनासाठी प्रत्येक कुटुंबास १० लाख रुपयांची तरतूद २००८ पासून होती. रस्ता, दवाखाना, शाळा मिळावी म्हणून काही लोक राजीखुशीने निघाले, हेही खरे. रानडुकरांनी पीक फस्त केल्यावर कोण राहील? वाघ वाचला पाहिजे, याबद्दल आमच्या मनात संशय नाही. ज्यांनी जागा दिली त्यांचे नाव कोठल्याही फलकावर नसावे, हे मात्र आम्हाला पटत नाही. गाडीतल्या एकाही प्रवाशाला त्या चिंचेविषयी विचारावेसे वाटले नाही, त्यात आम्हीही होतो.

उन्हाळी सुट्टीनंतर त्या विद्यार्थ्याने वडिलांना विचारून काढलेला जुन्या गावाचा आराखडा आणला. त्यात शाळेची खोली आहे, विहीर आहे, घरांच्या रांगा आहेत, आणि मध्यभागी ती चिंच. प्रत्येक घरावर कुटुंबाचे नाव लिहिले आहे. दोन घरांतील माणसे आता कोठे आहेत हे वडिलांना सांगता आले नाही. तेथे त्याने प्रश्नचिन्ह ठेवले आहे. आराखडा इतिहासाच्या कपाटात, वरच्या कप्प्यात आहे. ज्यांना पाहायचा असेल त्यांनी त्याच्याकडूनच समजून घ्यावा.