मौजे कोळे कल्याण : सांताक्रूझमधलं गाव शिकवताना

परिसर अभ्यासात गाव आणि शहर हा भाग आला की मुंबईतल्या वर्गात एक गंमत होते. ‘तुमचं गाव कोणतं?’ असं विचारलं की उत्तरं येतात संगमेश्वर, जौनपूर, सातारा, गुलबर्गा. गाव म्हणजे मे महिन्यात गाडीने जायची जागा. विहीर, शेत, जत्रा, पार हे सगळं तिकडे. इकडे फक्त बिल्डिंगी आणि ट्रॅफिक. आणि वर्गात कलिना गावठाणातलं एखादं मूल असेल तर ते हळूच म्हणतं, “टीचर, मला गाव नाय.” खरं म्हणजे अख्ख्या वर्गात आपल्या गावातच राहून शाळेत येणारं ते एकटंच असतं!

म्हणून मी हा पाठ पुस्तकातल्या चित्रापासून नाही, सांताक्रूझ पूर्वेपासून सुरू करते. सोबत लागते मराठी वर्तमानपत्रातली एक ‘जाहीर नोटीस’. जागेच्या व्यवहारांच्या ज्या बारीक अक्षरातल्या नोटिसा छापून येतात ना, त्यातलीच. त्यात असतं: ‘मौजे कोळे कल्याण, तालुका अंधेरी, जिल्हा मुंबई उपनगर’. मुलांना आधी मौजे म्हणजे काय तेच माहीत नसतं. मौजे म्हणजे गाव, सरकारदरबारी नोंद असलेलं. कलिना हे नाव कोळे कल्याणचंच झिजून झालेलं रूप मानतात. बांद्रा-कुर्ला संकुलातल्या काचेच्या इमारतींच्या जमिनीचे कागदही बऱ्याच ठिकाणी हेच नाव सांगतात. हे ऐकल्यावर मुलं चाट पडतात. (घरचे कागद मात्र मुलांकडून मागवू नका. कुणाच्या घरी फ्लॅटचा करारनामा असतो, कुणाकडे भाड्याची खोली असते, कुणाकडे काहीच नसतं. वर्तमानपत्राचा कागद सगळ्यांना सारखा.)

मग येतो ‘गावठाण’ हा शब्द. गावाच्या जमिनीत शेतं, खाजण, कुरण असं सगळं येतं. त्यातला लोकांनी घरं करून राहायचा भाग म्हणजे गावठाण. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमातही हा शब्द आहे. मी फळ्यावर एक मोठा गोल काढते आणि आत एक छोटा गोल. मोठ्या गोलातली भातशेती गेली, तिथे कॉलन्या, विद्यापीठ, विमानतळ आले. छोटा गोल अजून आहे. वाकड्यातिकड्या गल्ल्या, काही कौलारू घरं, मध्येच क्रूस. गल्ली वाकडी का? तर ती मोटारीसाठी आखलेलीच नव्हती, माणसं आणि गुरं चालून चालून झाली. सहा-सात वर्षांच्या मुलालाही हे लगेच पटतं.

इतिहास सांगताना सनावळी कमीच ठेवा, पण या तीन-चार लागतातच. १५३४ च्या वसईच्या तहाने साष्टी बेट पोर्तुगीजांकडे गेलं. त्या काळात इथले बरेच शेतकरी आणि कोळी ख्रिस्ती झाले. सांताक्रूझ हा शब्दच पोर्तुगीज, अर्थ पवित्र क्रूस. कोळे कल्याणच्या चर्चची परंपराही सतराव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत मागे जाते. १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत मराठ्यांनी साष्टी आणि वसई घेतली. चिमाजी अप्पांचं नाव मुलांना ठाऊक असतं. ती लढाई आपल्याही भागाची होती, हे नसतं. १७७४ मध्ये साष्टी इंग्रजांनी घेतली. राजे बदलले, पण भात लावणारे हात तेच राहिले.

‘ईस्ट इंडियन’ या नावाचा तर प्रत्येक वर्गात गोंधळ होतो. मुलांना वाटतं, ही माणसं कलकत्त्याकडून आली. उलट आहे! ही इथलीच, घरात मराठीची बोली बोलणारी. मुंबईत नोकऱ्यांसाठी गोवा-मंगळूरकडचे ख्रिस्ती येऊ लागले, तेव्हा आपण वेगळे, जुन्या ईस्ट इंडिया कंपनीच्या काळापासूनचे, हे दाखवायला त्यांनी १८८७ साली हे नाव घेतलं. त्या वर्षी व्हिक्टोरिया राणीच्या राज्याचा सुवर्णमहोत्सव होता. नोकरीसाठी घेतलेल्या नावामुळे पुढच्या पिढ्यांना ‘तुम्ही मूळचे कुठले?’ हे ऐकावं लागतं, ही मला यातली सगळ्यात बोचणारी गोष्ट वाटते.

लोकजीवनावर मी सर्वांत जास्त वेळ देते, कारण मुलं तिथेच बोलती होतात. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा, म्हणजे नव्या भाताचा सण. भाताची कणसं चर्चमध्ये नेऊन त्यांना आशीर्वाद घेतात. शेतं उरली नाहीत, त्यामुळे कणसं आता बाहेरून आणावी लागतात, पण सण आहे. लग्नाच्या आधी वाजतगाजत विहिरीवर जाऊन पाणी आणतात, त्याला म्हणतात उंबराचं पाणी. इथे कोकणातली किंवा घाटावरची मुलं हमखास हात वर करतात, कारण त्यांच्याकडे मुहूर्तमेढीला उंबराची फांदी लागते. धर्म वेगळा, उंबर एकच. उन्हाळ्यात मिरच्या आणि वीसेक जिन्नस भाजून, कुटून बाटल्यांत दाबून भरलेला ‘बाटली मसाला’ हाही असाच विषय. आपल्या आईच्या गोडा मसाल्याशी किंवा मालवणी मसाल्याशी त्याची तुलना करायला सांगा, तास पुरत नाही.

क्रूसांबद्दलही सांगायला हवं. मुंबईच्या गावठाणांतले बरेच क्रूस १८९६ नंतरच्या प्लेगच्या काळातले आहेत. काहींवर साल कोरलेलं दिसतं. साथ हटावी म्हणून लोकांनी एकत्र येऊन ते उभारले. कोविडच्या काळात आपण काय केलं, ते आठवणारी मोठी भावंडं मुलांच्या घरी आहेत. त्यांच्याशी बोलून यायला सांगा.

एका पालकांनी मला विचारलं होतं, “परिसर अभ्यासात चर्च कशाला?” मी म्हटलं, तुळजापूर शिकवताना देवीचं देऊळ वगळून शिकवता येईल का? ते हसले. प्रश्न रास्त होता; आधी पालकसभेत सांगितलं तर असे प्रश्न सोपे होतात.

गाव शहरात कसं गेलं, ते थोडक्यात पुरतं. १८४५ मध्ये माहीमचा कॉजवे झाला, १८६७ मध्ये विरारकडून मुंबईला गाडी सुरू झाली. १९२० साली मुंबई उपनगर जिल्हा झाला आणि १९५० मध्ये सांताक्रूझ महापालिकेच्या हद्दीत आलं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाने इथे धावपट्टी वापरली, तोच पुढे आपला विमानतळ.

यापुढचा भाग मात्र घाईने संपवू नका. धावपट्टीसाठी मिठी नदीचा प्रवाह वळवला गेला. वाकोला नाला जिथे मिठीला मिळतो, त्या बाजूच्या दलदलीवर भराव पडला. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्याच दिवशी कुलाब्याला ७३. कलिना पाण्याखाली गेलं. एवढ्या पावसात पाणी साचलंच असतं, हे खरंच. पण भातशेती आणि खाजण पाण्याला थांबायला जी जागा द्यायचे, ती उरली नव्हती. जुन्या लोकांना पाणी कुठून येतं, कुठे जातं हे माहीत असायचं. ते ज्ञान गावाबरोबर गेलं, याची मला मुलांच्या इतकीच माझ्यासाठीही काळजी वाटते, कारण आपली शाळाही त्याच जमिनीवर आहे.

शेवटी एक उपक्रम. अमेरिकेतल्या छोट्या गावांच्या सुरुवातीला रस्त्यावर पाटी असते: गावाचं नाव, लोकसंख्या, कधी कधी स्थापनेचं साल. गटात बसून ‘कोळे कल्याण’ची तशी पाटी करायला सांगा. स्थापनेचं साल कुणालाच सापडणार नाही, आणि लोकसंख्येवर भांडण होईल: फक्त गावठाणातली माणसं मोजायची, की चाळीतली, टॉवरमधली आणि वाकोल्याच्या झोपडपट्टीतलीही? गेल्या वर्षी माझ्या वर्गात तीन गटांनी तीन उत्तरं दिली. तिन्ही पाट्या मी भिंतीवर लावल्या. त्यातली एक, खाली रंगीत खडूने भाताचं कणीस काढलेली, “मला गाव नाय” म्हणणाऱ्या मुलीच्या गटाची आहे. यंदा तुमच्या वर्गात काय येतं ते जरूर कळवा, फोटो पाठवलात तरी चालेल.